मॅरेथॉनचा पाणक्या

धावणाऱ्या माणसाला पाणी द्यावं की देऊ नये, यावर एके काळी जगात दोन मतं होती. ज्यांचं मत ‘देऊ नये’ असं होतं, नेमकी त्यांच्याच हाती १९०४ सालच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन आली. गाव अमेरिकेतलं सेंट लुईस, तारीख ३० ऑगस्ट, पारा बत्तीस अंशांच्या घरात आणि शर्यत सुटायची वेळ दुपारी तीन. रस्ता कच्चा. वाटेत सात टेकड्या. बरोबर घोडेस्वार आणि पंचांच्या मोटारी, आणि त्यांनी उडवलेली धूळ धावणाऱ्यांच्या घशात. पाण्याची म्हणावी अशी सोय म्हणजे जवळपास निम्म्या वाटेवरची एक विहीर. पाणी तोडलं तर माणसाचं शरीर कुठवर तग धरतं, हे मुख्य आयोजक जेम्स सुलिवन यांना पाहायचं होतं, असं सांगतात. प्रयोगाला बत्तीस माणसं मिळाली. सगळी आपल्या पायांनी आली होती.

या शर्यतीविषयी मला विशेष आस्था आहे, कारण मी धावत नाही. आमच्या घरात बायको धावते. मी तिच्या गटाच्या मागून स्कूटरवर पाणी नेतो. पायाशी वीस लिटरचा जार, डिकीत लिंबं, मीठ, साखर, केळी आणि पोटरीत गोळा आला तर मारायचा फवारा. दर रविवारी पहाटे पुण्याजवळचा बोपदेव घाट, नाहीतर कात्रजचा जुना घाट. गटाच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे ‘सपोर्ट’ असं लिहिलेलं असतं. आमची आजी असती तर तिने सरळ ‘पाणक्या’ म्हटलं असतं आणि मला ते जास्त आवडलं असतं. कारण पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन ज्याने जिंकली, तो ग्रीसचा स्पिरिदोन लुईस हा पाणक्याच होता. मारूसी गावातून अथेन्सला पाणी पोचवणं हा त्याचा धंदा. १८९६ साली मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सतरा जण निघाले. त्या रस्त्याचा पहिला भाग सपाट, मग मैलोगणती चढ, आणि चढ संपल्यावर अथेन्सकडे उतार. फ्रान्सचा लेरम्यूझिओ सुरुवातीलाच असा सुटला की मागच्यांना त्याची पाठही दिसेना. चढाने त्याचा हिशेब चुकता केला आणि बत्तीसेक किलोमीटरला तो थांबला. लुईसने वाटेत पेलाभर मद्य घेतलं, पुढे कोण कोण आहे याची चौकशी केली आणि गाठतो म्हणाला, अशी कथा आहे. गाठलं मात्र खरंच. वेळ दोन तास अठ्ठावन्न मिनिटं पन्नास सेकंद. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने पाणी वाहायला गाडी आणि गाढव मागितलं म्हणतात. धंद्याशी इमान राखणारा माणूस.

त्याच शर्यतीत तिसरा आलेला ग्रीक गडी काही अंतर घोडागाडीतून आला होता, अशी तक्रार चौथ्या आलेल्या हंगेरीच्या केल्नरने केली आणि ती खरी निघाली. म्हणजे मॅरेथॉन आणि तिच्यात वाहनाने येणारा माणूस या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जन्माला आल्या. स्कूटरवाला म्हणून मला हे नोंदवणं भाग आहे. माझी मागची सीट घाटात रिकामीच असते, आणि बोपदेवच्या तिसऱ्या वळणानंतर लोक जारकडे कमी आणि सीटकडे जास्त बघतात. बोलत कोणी नाही. फक्त बघतात. एकदा आमच्या गटातले निवृत्त बँक मॅनेजर सीटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते आणि ‘कुशन चांगलं आहे हो’ एवढंच म्हणून पुढे गेले.

सेंट लुईसला मात्र फ्रेड लोर्झ नुसता बघत राहिला नाही. हा न्यूयॉर्कचा गवंडी. नवव्या मैलाच्या सुमारास त्याला पेटके आले, तसा तो सरळ मोटारीत बसला. अकरा मैल प्रवास केला. वाटेतल्या प्रेक्षकांना आणि धावणाऱ्यांना हात हलवून नमस्कार चमत्कारही केले. पुढे मोटार बंद पडली. मग हा ताजातवाना गडी खाली उतरला आणि धावत धावत सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला. टाळ्या, जयघोष, फोटो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची मुलगी अ‍ॅलिस त्याचा सत्कार करण्याच्या बेतात होती, तेवढ्यात कोणीतरी मोटारीचं नाव काढलं. मी गंमत केली, असं लोर्झ म्हणाला. त्याच्यावर आजन्म बंदी आली, ती लवकरच उठली, आणि पुढच्याच वर्षी बोस्टनची मॅरेथॉन त्याने पायी जिंकली. गवंडी तब्येतीने दणकट होता, यात वाद नाही. त्या दिवशी फक्त त्याची विचारशक्ती शाबूत होती.

बाकीच्यांची कथा काय सांगावी! क्यूबाहून फेलिक्स कार्वाहाल नावाचा पोस्टमन आला होता. येण्यासाठी त्याने वर्गणी काढली आणि ती न्यू ऑर्लिन्सला फाशांच्या जुगारात घालवली, असं म्हणतात. उरलेला प्रवास चालत आणि मिळेल त्या गाडीने. शर्यतीच्या रेषेवर उभा राहिला तो लांब पँटमध्ये. कोणाला तरी दया आली, त्याने कात्री आणली आणि पँट गुडघ्यापर्यंत कापली. ऑलिंपिकची तयारी एवढीच. भुकेल्या पोटी धावता धावता वाटेत त्याला सफरचंदं दिसली. ती खाल्ली, ती नासकी निघाली, पोटात कळा आल्या, तेव्हा रस्त्याकडेला त्याने एक डुलकी काढली. मग उठला, धावला आणि चौथा आला. प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि चौदा हजारांचे बूट यांच्या जोरावर धावणाऱ्या आमच्या गटाला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा कोणालाच ती फारशी रुचली नाही. एकीने तर विचारलं, “पण डुलकी घेताना घड्याळ थांबवलं होतं का त्याने?”

दक्षिण आफ्रिकेचे दोघे, लेन टाउ आणि यान माशियानी, खरं तर सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाच्या खेळात काम करायला आले होते. शर्यत आहे म्हटल्यावर उतरले. टाउच्या मागे कुत्रं लागलं आणि त्याने त्याला मार्ग सोडून जवळजवळ मैलभर भलतीकडे पळवलं. तरी तो नववा आला. पुण्यात पहाटे साडेपाचला धावणाऱ्या कोणालाही हा तपशील समजावून सांगावा लागत नाही. कुत्र्यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत या खेळाबद्दलचं मत बदललेलं नाही.

आणि विजेता थॉमस हिक्स. हा गडी बरोबर दोन मदतनीस घेऊन धावत होता. त्याने पाणी मागितलं. दिलं नाही. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्पंजाने तोंड तेवढं पुसलं. तो पुढे गेला, पुन्हा गळाठला. मग मदतनिसांनी त्याला स्ट्रिक्निन पाजलं. आपल्याकडे ज्याला कुचला म्हणतात आणि कोकणात काजरा, त्याच्या बीतलं हे विष उंदीर मारायला वापरत. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून दिलं. पुढे आणखी एकदा, आणि मग वर ब्रँडी. म्हणजे त्या काळच्या शास्त्राप्रमाणे चढ चढणाऱ्या माणसाला उंदराचं औषध चालतं, कच्चं अंडं चालतं, दारू चालते. बाधतं ते फक्त पाणी. शेवटच्या टेकड्यांपर्यंत हिक्सला भास होऊ लागले होते. मुक्काम अजून वीस मैल लांब आहे, असं तो म्हणू लागला. अखेर दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून रेषेपलीकडे नेलं. तीन तास अठ्ठावीस मिनिटं त्रेपन्न सेकंद. ऑलिंपिक मॅरेथॉनच्या विजेत्याची आजवरची सर्वांत सावकाश वेळ. बत्तीसपैकी शेवटपर्यंत पोचले चौदा.

हिक्सची ही वेळ आमच्या मॅनेजरसाहेबांना पाठ आहे. त्यांनी मुंबईला याहून दोन मिनिटं कमी घेतली होती आणि त्या हिशेबाने १९०४ चं सुवर्णपदक त्यांचं होतं, असं ते अधूनमधून, विशेषतः कोणी नवीन माणूस गटात आला की, सुचवतात. मुंबईत पोटात कुचला नव्हता आणि पेडर रोड हा एकच चढ होता, हे मी त्यांना सांगत नाही. पाणक्याने धावणाऱ्याचं मन मोडू नये.

पेडर रोडचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. मुंबईचे धावपटू त्या चढाविषयी जे बोलतात, ते ऐकून साताऱ्याची माणसं घराबाहेर येऊन बघतात की एवढं काय झालं. साताऱ्याला दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी यवतेश्वरच्या घाटातून हिल हाफ मॅरेथॉन होते. २०१५ साली या शर्यतीतल्या गर्दीने गिनेस बुकात नाव नोंदवलं. तिथे निम्मी शर्यत वर आणि निम्मी खाली. मुंबईच्या माणसाचं म्हणणं वेगळं असतं: “अहो, तुमचा चढ सुरुवातीला येतो. आमचा पस्तीस किलोमीटर झाल्यावर येतो, जानेवारीतल्या दमट उन्हात.” दोघेही बरोबर असतात. म्हणूनच हा वाद अजून चालू आहे.

दमटपणाबद्दल मुंबईकराची बाजू घ्यायला हवी. घाम गळला म्हणजे अंग थंड झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो अंगावरून वाळून जाईल तेव्हाच उष्णता घेऊन जातो. बुटात साचलेला घाम काही कामाचा नाही, तो नुसता वजन वाढवतो. चढावर आणखी एक त्रास. पाय नेहमीपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे आतली शेगडी वाढते, आणि वेग कमी झाल्यामुळे अंगावरून जाणारा वाराही कमी होतो. म्हणजे उष्णता जास्त आणि पंखा बंद. आमच्या बायकोने हे शास्त्र मला बोपदेवच्या मधोमध थांबून नीट समजावलं. समजावताना तिला श्वास घ्यायची उसंत मिळाली, हा त्यातला व्यावहारिक भाग. गटात ज्यांना ज्यांना चढावर काहीतरी समजावून सांगायचं असतं, त्यांची संख्या वळणागणिक वाढत जाते.

इतक्या उन्हात जाताच कशाला, असं घरचे विचारतात. त्याचंही उत्तर शास्त्रात आहे. दहा ते चौदा दिवस उन्हात व्यायाम केला की शरीर शिकतं: घाम लवकर सुटू लागतो, रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदयाचे ठोके आवाक्यात येतात. त्यामुळे आमच्या प्रशिक्षकांनी एप्रिल-मे हा ‘सवयीचा हंगाम’ जाहीर केला आहे. तशी निघायची वेळ पहाटे साडेपाच आहे. साडेपाचला मी आणि जार हजर असतो. पावणेसहाला निम्मा गट येतो. मग पाय ताणायचे, हात फिरवायचे, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत आकाशाकडे मनगट धरून उभं राहायचं. मग फोटो. फोटोत कोणीतरी डोळे मिटलेले, म्हणून परत फोटो. उशिरा येणाऱ्या डॉक्टरांसाठी तिसरा फोटो. एवढं होईतो सूर्य घाटाच्या वर आलेला असतो आणि सवय करून घ्यायला कोणाला लांब जावं लागत नाही.

घाट सुरू होतो आणि आमच्यातला लेरम्यूझिओ सुटतो. प्रत्येक गटात तो एक असतो. आमच्याकडे आयटीतला एक मुलगा आहे, लग्न ठरलेला. पहिल्या वळणापर्यंत तो हरणाच्या पाडसागत उड्या मारत जातो, दुसऱ्या वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबतो, आणि तिसऱ्या वळणाला कठड्यावर बसून होणाऱ्या बायकोचा फोन घेतो. फोन आलेला असतोच असं नाही. मागून येणाऱ्या मॅनेजरसाहेबांचं तत्त्व उलट. चढावर धावायचं नाही, चालायचं, पण चालतोय असं वाटू द्यायचं नाही. त्यांनी यासाठी एक खास चाल बसवली आहे. कोपर धावणाऱ्याचे, गुडघे धावणाऱ्याचे, चेहरा धावणाऱ्याचा, आणि पुढे सरकण्याचा वेग भाजी आणायला निघालेल्या माणसाचा. त्यांना कोणी टोकलं की ते दिवे घाटाचा दाखला देतात: “अहो, पालखी जाते तेव्हा माउलींच्या रथालासुद्धा चढाला जादा बैलजोड्या लावतात. चढाला मदत घेण्यात कमीपणा नाही.” एवढं बोलून ते माझ्या कॅरिअरला धरतात आणि मी पहिल्या गिअरच्या वेगाने शंभरेक मीटर काही न पाहिल्यासारखं करतो. स्कूटरला गिअर नाहीत, हा त्यातला तपशील.

आता पाण्याकडे येतो, कारण तो माझा विषय. सेंट लुईसला एक विहीर होती आणि सल्ला एकच होता: पिऊ नका. आमच्याकडे पाणी मुबलक आहे आणि सल्ले वीस लिटरच्या जारात न मावणारे. डॉक्टर सांगतात तहान लागेल तेवढंच प्या. प्रशिक्षक सांगतात तहान लागायच्या आत प्या, तहान लागली म्हणजे उशीर झालाच. योगवर्गाला जाणाऱ्या ताई सांगतात उभ्याने पिऊ नका. मॅनेजरसाहेब थंड पिऊ नका म्हणतात, आयटीतल्या मुलाला बर्फ हवा असतो. एका गृहस्थांनी जिऱ्याचं पाणी आणलं होतं, दुसऱ्यांनी सब्जा. तिसऱ्यांनी बीटाचा रस आणला, आणि तो सांडल्यावर त्यांच्या पांढऱ्या शर्टकडे बघून बोपदेवच्या वळणावर एक ट्रकवाला घाबरून थांबला आणि दवाखान्यात नेऊ का विचारू लागला. गृहस्थ नाही म्हणाले. पण त्यांनी ट्रकच्या केबिनकडे बराच वेळ पाहिलं.

यात डॉक्टरांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. त्याचं मोठं कारण, वाटेत पाणी फार पिणं. धावून धावून त्यातल्या काहींचं वजन घटायच्या ऐवजी वाढलं होतं. शंभर वर्षांत आपण पाणी न देण्यापासून पाणी बाधेपर्यंत मजल मारली. म्हणून मी आता जारातून ओतताना प्रत्येकाला विचारतो, “तहान लागली आहे का?” यावर मिळणारी उत्तरं तात्त्विक असतात. “अजून नाही, पण लागेल.” “लागली होती, गेली.” “तुम्ही विचारलंत म्हणून लागली.”

सातारकर असले प्रश्न विचारत बसत नाहीत. यवतेश्वरच्या घाटात बायकोबरोबर गेलो होतो, तेव्हा मला स्कूटर खाली लावून कडेला उभं राहावं लागलं. आयोजकांची पाण्याची टेबलं वाटेत होतीच, पण त्यांच्यावर माणसांचा विश्वास नव्हता. घराघरातून लोक कळशी आणि फुलपात्र घेऊन उभे. शाळेतली पोरं टाळ्या वाजवत होती आणि हलगी तर अशी कडाडत होती की चालणाऱ्यालाही धावणं भाग पडावं. एका काकूंनी गुळाचा खडा पुढे केला. धावणारी बाई म्हणाली, “नको, मी साखर सोडली आहे.” काकू तिच्या बरोबरीने दहा पावलं धावल्या आणि म्हणाल्या, “गूळ हाय तो, साखर कुठं हाय?” आणि खडा तिच्या तोंडात घालूनच थांबल्या. सुलिवनसाहेबांचा प्रयोग त्या घाटात पहिल्या वळणावरच फसला असता. तिथे कोणाला तहानलेलं ठेवायचं म्हटलं तर पोलीस बंदोबस्त लागेल.

उताराविषयी लोक फार चांगलं बोलतात, पण ते घरी पोचेपर्यंतच. चढ दम काढतो. उतार मांड्या काढतो, पण पावती सोमवारी देतो. उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि दुखणं तिथून येतं. सोमवारी आमच्या सोसायटीच्या जिन्यावर ज्या व्यक्ती पाठमोऱ्या, कठडा धरून, उलट्या उतरताना दिसतील, त्या आदल्या दिवशी घाटात होत्या, असं निःशंक समजावं. डॉक्टर तर पेशंट तपासताना खुर्चीतून उठायचं टाळतात आणि पेशंटलाच जवळ बोलावतात. मॅनेजरसाहेबांच्या जुन्या वाड्यात अजून भारतीय पद्धतीची सोय आहे. सोमवारी सकाळी तिथे काय घडतं, याविषयी ते बोलत नाहीत. त्यांच्या सौ. एकदा म्हणाल्या, “वरून दोर बांधून दिलाय.”

ऊन टाळायचे उपायही मोठमोठ्या लोकांनी करून पाहिले आहेत. २०१९ साली कतारमधल्या दोह्याला जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हा बायकांची मॅरेथॉन मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना सोडली. सूर्याला पत्ता लागू नये, हा हेतू. तरी तापमान तीस अंशांच्या वर आणि हवा दमट. अडुसष्ट जणी निघाल्या, चाळीस पोचल्या. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तर मॅरेथॉनच उचलून उत्तरेला साप्पोरोला नेली. तिथेही ऊन आलंच. बायकांच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ठरलं की सातऐवजी सहाला सोडायची. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. “म्हणजे फोटो कधी काढले?” त्यांनी विचारलं.

या सगळ्यात उलटी तऱ्हा फडेप्पा चौगुल्यांची. बेळगावकडचा हा धावपटू पुण्यातल्या शर्यतीतून निवडला गेला आणि १९२० साली, दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या भारताच्या पहिल्या चमूबरोबर, अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. दख्खनच्या उन्हात तयार झालेली पोटरी. आणि तिथे बेल्जियममध्ये शर्यतीच्या दिवशी काय? गार हवा आणि पाऊस. अंतरही नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकमधली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. तरी गडी दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावा आला. उन्हाची सवय पावसात वाया गेली नाही. आमचे प्रशिक्षक एप्रिलमध्ये कोणी कुरकुर केली की चौगुल्यांचं नाव घेतात. त्यांच्यामागे तेव्हा स्कूटरवर कोण होतं, हे मी विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बोपदेवच्या माथ्यावर, भिवरीकडे रस्ता वळतो त्या बाजूला, एक आजी लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. समोर दोन म्हशी. आमचा गट धापा टाकत वर आला, एका दगडाला हात लावला, घड्याळं दाबली आणि माघारी वळला. आजींनी हे दर रविवारी पाहिलं असणार. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“आरं, आलासा आन् लगीच माघारी? घरी काय इसरून ऱ्हायलंय काय?”

“नाही आजी, आमचं इथपर्यंतच असतं,” मॅनेजरसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले.

“कुणाकडं आल्ता?”

“कुणाकडे नाही. खालून वर यायचं आणि परत खाली जायचं.”

“काय मिळतं?”

“मिळत नाही आजी. शर्यतीला आम्हीच पैसे भरतो.”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. स्कूटरवर बसलेला एकच माणूस त्यांना या टोळीत धडका वाटत असावा. “आन् ह्यो?”

“हे पाणी आणतात.”

“त्येचं बराबर हाय,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी थोडा विचार केला. घाटाकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं, मॅनेजरसाहेबांच्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. “मंग असं करा. खाली निघालाच हायसा तर ह्या दोगींना बी न्या. खालच्या तळ्यावर पाणी पाजा, आन् पुढच्या फेरीला वर येताना घिऊन या. आमचं ल्योक मोकळं हुईल.”

आयटीतला मुलगा हसला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हशीच्या जवळ उभं राहून फोटो काढता येईल का, याचा अंदाज घेत होते.

मॅनेजरसाहेबांनी मात्र प्रस्ताव गांभीर्याने घेतला होता. त्यांनी घड्याळ नीट केलं, म्हशींच्या चालीकडे थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, “आजी, ह्यांचा चढावरचा पेस किती असतो?”